मांजराची नसबंदी : प्रथमच करून घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली, की एखाद्या रात्री ती अचानक वेगळ्याच आवाजात ओरडू लागते. आवाज लांबट आणि घोगरा असतो, ती जमिनीवर लोळते, पुढचे अंग खाली टेकवून मागचे वर उचलते आणि मागचे पाय जागच्या जागी हलवत राहते. नाशिकमधील इंदिरानगरच्या आमच्या घरी आमची मांजरी भिंगरी पहिल्यांदा अशी ओरडली, तेव्हा तिचे पोट दुखत असावे असे समजून आम्ही पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसून होतो. सकाळी दवाखान्यात नेल्यावर कळले, की ती आजारी नाही, माजावर आली आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करू, असे म्हणून आम्ही परत आलो आणि त्याच महिन्यात न्हाणीघराच्या खिडकीची सैल झालेली जाळी ढकलून ती बाहेर गेली. सुमारे नऊ आठवड्यांनी घरात पाच पिल्ले आली. त्यांतील दोन जगली नाहीत, आणि उरलेल्या तिघांना चांगली घरे मिळेपर्यंत चार महिने गेले. त्यानंतर भिंगरीची, तिच्या एका पिल्लाची आणि पुढे दारात येऊन राहिलेल्या एका बोक्याची नसबंदी आम्ही करून घेतली. त्या अनुभवातून एक गोष्ट मला ठामपणे सांगाविशी वाटते : शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, परंतु ती वेळेवर होणे आणि सुखरूप पार पडणे हे आधीचे काही आठवडे व नंतरचे दहा-बारा दिवस घरची माणसे काय करतात, यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

नेमके काय केले जाते

'नसबंदी' हा शब्द सर्वांच्या तोंडी असला, तरी मांजराच्या बाबतीत तो थोडा दिशाभूल करणारा आहे. माणसांच्या नसबंदीत नळी बांधली किंवा कापली जाते आणि संप्रेरके तयार करणारे अवयव शरीरात तसेच राहतात. मांजरात तसे करत नाहीत. बोक्याची दोन्ही वृषणे काढून टाकतात, तर मांजरीचे दोन्ही बीजांडकोश (अंडाशय) आणि बहुधा त्यांबरोबर गर्भाशयही काढतात. म्हणूनच या शस्त्रक्रियेने केवळ पिल्ले होणे थांबत नाही, तर माजावर येणे, रात्री ओरडणे, घर सोडून पळणे आणि बोक्याचे भिंतींवर मूत्राचे फवारे मारणे या गोष्टीही बहुतांशी थांबतात किंवा पुष्कळ कमी होतात.

बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते. वृषणांच्या पिशवीवर छोटा छेद देऊन वृषणे काढतात आणि बहुतेक वेळा त्वचेला टाके घालण्याची गरज पडत नाही. मांजरीचे मात्र पोट उघडावे लागते. छेद पोटाच्या मध्यभागी किंवा कुशीच्या बाजूने घेतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि कोणती वापरायची, हे डॉक्टरांच्या हातच्या सवयीवर सोडणे योग्य ठरते. एखाद्या बोक्याचे एक वृषण खाली उतरलेले नसते. अशा वेळी ते पोटात किंवा जांघेत शोधावे लागते आणि शस्त्रक्रिया मोठी होते. ते आत तसेच ठेवून एकच काढणे उपयोगाचे नाही, कारण आत राहिलेले वृषण संप्रेरक तयार करतच राहते.

योग्य वय आणि 'एक वेत होऊ द्या' हा सल्ला

घरातल्या मांजराची शस्त्रक्रिया चार ते पाच महिन्यांच्या वयात, म्हणजे पहिल्या माजाच्या आधी, करून घेणे सर्वांत चांगले. तोपर्यंत निरोगी पिल्लाचे वजन सुमारे दोन किलो झालेले असते. काही मांजरी चौथ्या महिन्यातच माजावर येतात. लांब केसांच्या पर्शियन मांजरी बहुधा उशिरा येतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

मांजरीची शरीररचना गर्भधारणेसाठी विलक्षण अनुकूल आहे. तिच्या अंडाशयातून बीज बाहेर पडते तेच मुळी समागमामुळे, त्यामुळे एकदा बाहेर गेलेली माजावरची मांजरी गाभण न राहता परतणे विरळाच. समागम झाला नाही, तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. दिवस लांबू लागले, की हे चक्र जोर धरते आणि आपल्याकडे ते वर्षाचा बराच काळ चालू राहते. त्यात भर म्हणजे, पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. कुत्रीला माजाच्या वेळी रक्तस्राव होतो, तसा तिला होत नाही, म्हणून नवख्या माणसाला अंदाजच येत नाही.

एकदा तरी तिला आई होऊ द्यावे, असे घरातील वडीलधारी माणसे मायेनेच सांगतात. माझ्या सासूबाईंचेही तेच म्हणणे होते आणि त्यामागची भावना मला समजते. परंतु एका वेतामुळे मांजरीच्या प्रकृतीला कोणताही फायदा होत नाही, उलट उशिराची किंमत मोजावी लागते. मांजरींच्या स्तनातील गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर एका वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला, आणि दोन वर्षांनंतर केलेल्या शस्त्रक्रियेचा या बाबतीत लाभ उरला नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजारही गर्भाशय काढल्यावर होत नाही. हा आजार मध्यमवयीन मांजरींचा जीव घेतो आणि त्या वेळी करावी लागणारी शस्त्रक्रिया निरोगी मांजरीवरील शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची असते.

बोक्याचे ऑपरेशन केल्यावर तो उंदीर धरणार नाही, असेही अनेकांना वाटते. शिकार करणे वृषणांवर अवलंबून नाही. आमचा बोका शस्त्रक्रियेनंतरही गच्चीवर उंदीर धरत असे. कमी होते ती भटकंती आणि मारामारी, आणि हे फार महत्त्वाचे आहे. मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा एक विषाणू मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो आणि असे चावे बोक्यांच्या भांडणांत होतात.

मांजरी नुकतीच व्यालेली असेल, तर पिल्ले स्वतः खाऊ लागून दूध सुटेपर्यंत थांबावे आणि स्तन आटल्यावर, म्हणजे त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, तारीख घ्यावी. तोपर्यंत तिला एकदाही बाहेर जाऊ देऊ नये. माजावर असताना शस्त्रक्रिया करता येते, परंतु त्या काळात तेथील रक्तपुरवठा वाढलेला असल्याने पुष्कळ डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबणे पसंत करतात. ती गाभण असल्याची शंका असेल, तर ती डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावी.

गोळ्या आणि इंजेक्शने टाळावीत

माज थांबवण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देण्याची पद्धत अजूनही दिसते. स्वस्त आणि सोपा उपाय म्हणून लोक तो स्वीकारतात. आमच्या शेजारच्या घरातील एका मांजरीला असे इंजेक्शन तीन वेळा दिले गेले होते. ती पाच वर्षांची झाल्यावर तिच्या गर्भाशयात पू झाला आणि मध्यरात्री धावपळ करून तिची शस्त्रक्रिया करावी लागली. या औषधांमुळे गर्भाशयाचे विकार, स्तनांची अस्वाभाविक वाढ आणि मधुमेह होण्याचा धोका असतो. नियोजित शस्त्रक्रियेला ती पर्याय होऊ शकत नाहीत.

डॉक्टर कसे निवडावेत

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड अशा बहुतेक भागांत पाळीव प्राण्यांचे खाजगी दवाखाने आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे सर्वचिकित्सालय, म्हणजे प्राण्यांचे सरकारी रुग्णालयही असते आणि ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही, त्यांनी तेथे प्रत्यक्ष जाऊन मांजरांच्या शस्त्रक्रियेचे दिवस व वेळ विचारावी. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था अधूनमधून सवलतीच्या दरात शिबिरे घेतात. तेथे जाण्यास हरकत नाही, मात्र शस्त्रक्रियेनंतर काही बिघडले तर कोणाला दाखवायचे, हे आधी ठरवून घ्यावे.

शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती पशुवैद्यकशास्त्राची पदवीधर आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असली पाहिजे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने हे बंधन घातले आहे. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक लसीकरणासारखी कामे देखरेखीखाली करू शकतात, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया नाही. नोंदणी क्रमांक विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगले डॉक्टर तो भिंतीवरच लावून ठेवतात.

पहिल्या भेटीत मी पुढील गोष्टी विचारते. भूल कोणत्या प्रकारची देणार, आणि मांजर शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार? शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करणार का, आणि त्यात मूत्रपिंड व यकृत यांची तपासणी असते का? वेदनाशामक किती दिवसांचे देणार? रात्री काही झाले, तर फोन कोण घेणार? सांगितलेल्या रकमेत औषधे, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन आणि टाके काढण्याची भेट धरली आहे का? या प्रश्नांना शांतपणे उत्तरे मिळाली, की दर थोडा अधिक असला तरी मी तोच दवाखाना निवडते. मांजर चपट्या नाकाचे पर्शियन असेल, झोपेत घोरत असेल किंवा थोडे खेळून धापा टाकत असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा मांजरांना भुलीच्या वेळी श्वासाचा त्रास होऊ शकतो.

आधीचे चार आठवडे

मांजरांच्या त्रिगुणी (तीन आजारांवरील एकत्रित) लसीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत तो पुन्हा देतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देता येते. दवाखान्यात इतर आजारी प्राणी येतात, म्हणून शेवटची लस आणि शस्त्रक्रिया यांच्यात किमान दोन आठवडे असावेत. त्याच काळात जंतनाशक द्यावे आणि अंगावर पिसवा असतील तर त्यांचा बंदोबस्त करून घ्यावा. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये, कारण त्यांतील काहींत असणारे परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते.

याच आठवड्यांत मांजराला पिंजऱ्याची सवय लावावी. पिंजरा शस्त्रक्रियेच्या दिवशीच माळ्यावरून काढला, तर मांजर तो पाहताच पलंगाखाली जाते आणि तेथून ओढून काढताना दोघांनाही ओरखडे येतात. पिंजरा आधीपासून दार उघडे ठेवून दिवाणखान्यात ठेवावा, त्यात तिची रोजची गोधडी घालावी आणि अधूनमधून खाणेही तेथेच द्यावे. कापडी पिशवीत घालून दुचाकीवर मांजर नेण्याचा धोका कोणीही पत्करू नये. द्वारका चौकातील एका हॉर्नने घाबरलेले मांजर पिशवी फाडून बाहेर पडते. घट्ट दाराचा पिंजरा, त्यावर पातळ चादर आणि रिक्षा किंवा चारचाकी, हेच योग्य.

तारीख निवडतानाही विचार करावा. शक्यतो सोमवार किंवा मंगळवार घ्यावा, म्हणजे पुढचे तीन-चार दिवस दवाखाना उघडा असतो. शनिवारी शस्त्रक्रिया झाली आणि रविवारी जखम सुजली, तर फार हाल होतात. दिवाळीचे फटाके, गणेश विसर्जनाची मिरवणूक आणि रंगपंचमीचा गोंगाट हे दिवस वगळावेत. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते आणि भुलीनंतर मांजराच्या शरीराची उष्णता आधीच कमी झालेली असते, त्यामुळे त्या महिन्यांत सकाळी उशिराची वेळ मागावी आणि घरी उबेची सोय आधीच करून ठेवावी. पावसाळ्यात शस्त्रक्रिया करण्यास हरकत नाही, फक्त मांजराची खोली कोरडी असली पाहिजे. मुख्य म्हणजे पहिले दोन दिवस घरात कोणीतरी सतत असेल, अशीच तारीख घ्यावी.

आदली रात्र

भूल दिल्यावर पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून पोट रिकामे असावे लागते. मोठ्या मांजराला बहुतेक डॉक्टर सहा ते आठ तास उपाशी ठेवण्यास सांगतात. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवल्यास त्यांच्या रक्तातील साखर घसरते, म्हणून त्यांना तीन-चार तास पुरेसे असतात. आपल्या मांजराची नेमकी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. पाणी साधारणपणे निघेपर्यंत देता येते.

घरातल्या प्रत्येकाला ही वेळ सांगावी. भिंगरीच्या वेळी आम्ही सगळे सावध होतो, पण तिची ओरड ऐकून सकाळी सहाला आजींनी तिला वाटीभर दूध दिले आणि त्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द करावी लागली. चूक आजींची नव्हती, त्यांना आम्ही सांगितलेच नव्हते. जुन्या नाशिकच्या वाड्यांत किंवा सोसायटीत मांजर चार घरी खात असेल, तर शेजाऱ्यांनाही कळवावे, आणि त्याहून सोपे म्हणजे रात्रीपासून मांजर एकाच खोलीत बंद ठेवावे. त्या खोलीत पलंगाखालची आणि कपाटामागची जागा आधीच बंद करावी. आधी घेतलेली औषधे, मागे आलेली फिट, खोकला, चुकून खाल्लेले काही, हे सर्व डॉक्टरांना सकाळी सांगावे. चुकून खाणे दिले गेले असेल तर तेही न लपवता सांगावे. तारीख पुढे गेली तरी चालते.

दवाखान्यात

तेथे तुमच्याकडून संमतीपत्रावर सही घेतात. ते वाचून सही करावी आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर द्यावा. बोक्याच्या शस्त्रक्रियेला थोडी मिनिटे आणि मांजरीच्या शस्त्रक्रियेला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, परंतु भूल चढणे व उतरणे धरून अर्धा दिवस जातो. मांजर मान धरून बसू लागल्याशिवाय आणि हाक मारल्यावर प्रतिसाद दिल्याशिवाय घरी नेण्याची घाई करू नये. निघण्यापूर्वी जखम आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावी आणि तिचा एक फोटो काढावा. पुढच्या दहा दिवसांत जखम वाढली की तशीच आहे, हे ठरवायला या पहिल्या फोटोइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.

पहिली रात्र

नवख्या माणसाला सर्वांत अधिक घाबरवणारी वेळ हीच. डोळे सताड उघडे, बाहुल्या मोठ्या, डोके डुलते आहे, तोल जातो आहे, कधी तोंडातून लाळ गळते आणि हात लावल्यावर ओळखीचे मांजरही फिस्कारते. भुलीच्या औषधांचा हा परिणाम आहे आणि तो काही तासांत उतरत जातो. काही मांजरे पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडतो.

मांजराला जमिनीवरच ठेवावे, पलंगावर, खुर्चीवर किंवा मांडीवर नाही, कारण त्याला उंचीचा अंदाज येत नाही. खोली लहान, शांत आणि अंधुक प्रकाशाची असावी. अंथरुणाला जुनी सुती चादर पुरते. थंडीत तिच्याखाली गोधडी घालावी. गरम पाण्याची पिशवी वापरायची असेल, तर ती जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवावी, अंगाखाली नाही, कारण गुंगीतल्या मांजराला चटका कळत नाही आणि ते बाजूला सरकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उलट पंख्याच्या थेट झोताबाहेर पण हवेशीर जागी ठेवावे.

मांजर नीट उभे राहून चालू लागेपर्यंत तोंडात काहीही घालू नये. चमच्याने पाणी पाजणे धोक्याचे आहे. सावध झाल्यावर आधी थोडे पाणी ठेवावे, आणि ते पचले तर रोजच्या जेवणाच्या चौथ्या हिश्शाइतके खाणे द्यावे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, म्हणून त्या रात्री दूध देऊ नये. मीठ, कांदा, लसूण न घातलेले उकडलेले चिकन उत्तम, आणि शाकाहारी घरात मांजराचे तयार ओले खाणे पाकिटातून आणून ठेवावे. मांजर मांसाहारी प्राणी आहे आणि दूध-पोळीवर त्याची जखम चांगली भरत नाही, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

घरात दुसरे मांजर असेल, तर त्यांना एक-दोन दिवस वेगळे ठेवावे. दवाखान्याच्या वासामुळे घरचेच मांजर परके वाटते आणि काल कुशीत झोपणारी दोघे आज एकमेकांवर धावून जातात. वास गेला, की सलोखा परततो.

पुढचे दहा दिवस

या दिवसांतील मुख्य काम एकच : मांजराला जखम चाटू न देणे. मांजराची जीभ खरखरीत असते आणि चाटल्याने जखम भरत नाही, टाके उसवतात. त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालतात. पहिल्या दिवशी मांजर त्यात मागे मागे चालते, दारावर आपटते आणि मालकांना दया येऊन ते कोन काढतात. टाके उसवण्याच्या ज्या घटना मला माहीत आहेत, त्या बहुतेक अशाच 'फक्त तासाभरासाठी' काढलेल्या कोनामुळे घडल्या आहेत. बहुतेक मांजरे दुसऱ्या दिवसापर्यंत सरावतात. खाण्याची ताटली कोनापेक्षा लहान व थोडी उंचावर ठेवावी. कोन अजिबातच सहन होत नसेल, तर डॉक्टरांना विचारून जुन्या टी-शर्टच्या बाहीला पायांसाठी चार भोके पाडून तिचा अंगरखा करता येतो. आमच्या पिल्लीने तोच आनंदाने घातला होता. तो ओला किंवा घाण झाल्यास लगेच बदलावा.

मलमूत्राच्या ट्रेमध्ये बारीक माती किंवा भुसा असेल, तर तो जखमेला चिकटतो. पहिले पाच-सहा दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत. उड्या मारणे शक्य तितके रोखावे. फ्लॅटमध्ये हे त्यातल्या त्यात सोपे असते, परंतु कौलांवरून फिरण्याची सवय असलेल्या मांजरासाठी दहा दिवस एक खोली बंदच ठेवावी लागते. बोक्याला पाच ते सात दिवस आत ठेवले तरी पुरते. मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यात प्रजननक्षमता शिल्लक असू शकते, म्हणून घरात नसबंदी न झालेली मांजरी असेल, तर दोघांना किमान सहा आठवडे वेगळे ठेवावे.

जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. कडेला हलकी लाली, किंचित सूज आणि त्वचेखाली हाताला लागणारी कडक रेषा हे स्वाभाविक आहे; आतले विरघळणारे टाके जिरत जातात, तशी ती रेषाही जाते. बोक्याची रिकामी पिशवी दोन-चार दिवस सुजलेली दिसते आणि वृषणे काढलीच नाहीत की काय, अशी शंका येते. ती सूज हळूहळू ओसरते. जखमेवर हळद, खोबरेल तेल, पावडर यांपैकी काहीही लावू नये. डेटॉलसारखी फिनॉल गटातील जंतुनाशके मांजराला विषारी ठरतात, कारण ते अंग चाटते आणि त्याचे यकृत ती द्रव्ये बाहेर टाकू शकत नाही. टाके निघेपर्यंत अंघोळही घालू नये.

औषधांबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगते. मांजर कण्हते आहे म्हणून घरातली क्रोसिन किंवा दुसरी कोणतीही माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. तिने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट होते. डॉक्टरांनी दिलेलेच औषध, दिलेल्या मापात आणि दिलेले दिवसच द्यावे. वेदना कमी होत नसल्यास फोन करावा, मात्रा स्वतः वाढवू नये.

न थांबता दवाखाना गाठण्याची लक्षणे अशी आहेत : हिरड्या पांढऱ्या पडणे, जखमेतून रक्त थेंब थेंब गळत राहणे, जखम उघडणे किंवा तिच्यातून आतील काही बाहेर डोकावणे, दुर्गंधीयुक्त स्राव, वारंवार उलट्या, पोट फुगणे, श्वास जलद किंवा तोंडाने घेणे, आणि चोवीस तासांत लघवी न होणे. दुसऱ्या दिवसापर्यंत मांजराने काहीच खाल्ले नाही, तरीही कळवावे. मांजर, विशेषतः जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून नवाच गंभीर आजार उभा राहतो, त्यामुळे भूक लागली की खाईल, असे म्हणून वाट पाहणे चुकीचे आहे.

त्वचेला बाहेरून टाके असतील, तर ते दहा ते चौदा दिवसांनी काढतात. ते घरी कापू नयेत. या भेटीत लसीकरणाच्या पुस्तिकेत शस्त्रक्रियेची तारीख, पद्धत आणि मांजराचे वजन लिहून घ्यावे.

दारात येणाऱ्या मांजरांविषयी

घरच्या मांजराची नसबंदी झाली, की दारात येणाऱ्यांचाही विचार मनात येतो आणि तो यावाच. मात्र अनोळखी मांजर हाताने पकडू नये. त्यासाठी जाळीचा सापळा-पिंजरा लागतो. प्राणिसंस्थांकडे तो आणि पकडण्याचा अनुभव असलेली माणसे असतात. पकडताना चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजप्रतिबंधक लसीसाठी रुग्णालयात जावे. मांजरीच्या स्तनांत दूध दिसत असेल, तर तिला त्या वेळी पकडू नये, कारण कुठल्यातरी माळ्यावर तिची पिल्ले वाट पाहत असतात. नसबंदी झालेल्या बाहेरच्या मांजराच्या कानाचे टोक, बहुधा डाव्या कानाचे, भुलीतच थोडेसे कापतात, म्हणजे तिला पुन्हा पकडून पोट उघडण्याची वेळ कोणावर येत नाही.

पुढील काळ : वजन आणि लक्ष

शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते. म्हणजे पूर्वीइतकेच खाणे दिले तरी मांजर लठ्ठ होते. लठ्ठ मांजराला मधुमेह होतो आणि बोक्यांमध्ये लघवी अडकण्याचा त्रास संभवतो. म्हणून टाके निघाल्यावर खाणे मोजून द्यावे, दिवसभर वाटी भरलेली ठेवू नये, कोरड्या खाण्याबरोबर ओले खाणे व भरपूर पाणी द्यावे, आणि रोज दोन वेळा दहा-पंधरा मिनिटे दोरीने किंवा चेंडूने खेळवावे. महिन्यातून एकदा मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे; आकडा पुस्तिकेत लिहावा. फासळ्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल आणि काहीच होत नसेल, तर ती नसबंदीनंतरची सवय समजू नये. ही तातडीची अवस्था आहे आणि काही तासांतच जीवावर बेतते.

मोठ्या वयात शस्त्रक्रिया झालेल्या बोक्याची फवारे मारण्याची सवय कधी कधी काही प्रमाणात राहते. अशा वेळी घरात ट्रे वाढवणे, जागा नीट धुऊन वास घालवणे आणि बाहेरचे बोके खिडकीतून दिसणार नाहीत अशी व्यवस्था करणे उपयोगी पडते. आणि मांजरीची शस्त्रक्रिया होऊनही काही महिन्यांनी ती पुन्हा पूर्वीसारखी ओरडू व लोळू लागली, तर बीजांडकोशाचा एखादा छोटा तुकडा आत राहिलेला असू शकतो. ही लक्षणे दिसत असतानाच तिला दवाखान्यात न्यावे आणि जमल्यास त्यांचे चित्रीकरणही न्यावे, कारण माज चालू असताना केलेल्या तपासणीत तो तुकडा ओळखणे आणि सापडणे दोन्ही अधिक सोपे जाते.